निरोपाची तयारी : आपले माणूस गाव सोडून जाते तेव्हा

नागपूरच्या घरांतून दरवर्षी जून-जुलै महिन्यांत आणि पुन्हा दिवाळीची सुटी संपताना माणसे बाहेर पडतात. कुणी पुण्याला शिकायला जाते, कुणी हैदराबाद-बंगळूरला नोकरीला, तर कुणी मुंबई किंवा दिल्लीमार्गे परदेशात. सामानाची यादी प्रत्येक घरात होते, पण निरोपाची तयारी सहसा कुणी करत नाही, आणि मग तो सगळा भार फलाटावरच्या शेवटच्या दहा मिनिटांवर येऊन पडतो. माझी मुलगी 2016 मध्ये पुण्याला गेली आणि 2022 मध्ये तिथून जर्मनीला. दुसऱ्या वेळी विमानतळाच्या दाराशी बॅगेच्या वजनावरून आमच्या दोघींची खडाजंगी झाली आणि तिच्या कानावर पडलेले माझे शेवटचे वाक्य होते, "तुला आधीच सांगितलं होतं." पुढचे कित्येक महिने त्या वाक्याने माझी झोप मोडली. त्यानंतर मुलगा, भाऊ आणि दोन जिवलग मैत्रिणी यांना निरोप देताना जे शिकले, ते येथे क्रमाने मांडत आहे. जे बोलायचे ते घरी आणि आधीच बोलून घ्यावे, स्टेशनवर फक्त बॅगा उचलाव्यात, हे या सगळ्यामागचे सूत्र आहे.

पहिले पाऊल : महिनाभर आधी तारीख बोलून दाखवावी

जाण्याची तारीख घरात सगळ्यांना माहीत असते, पण ती कुणी उच्चारत नाही. "अजून वेळ आहे" म्हणत दिवस ढकलले जातात आणि शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम अंगावर येते. तारीख दिनदर्शिकेवर सर्वांना दिसेल अशी लिहावी आणि एखाद्या रात्री जेवताना तिच्याविषयी मोकळेपणाने बोलावे. घरातील एखादी व्यक्ती त्या बोलण्यात रडली तर रडू द्यावे, कारण महिनाभर आधी आलेले रडू कुणाची गाडी चुकवत नाही.

याच काळात एक रुक्ष वाटणारे पण अतिशय उपयोगी काम दोघांनी मिळून करावे. आजकाल अनेक घरांत गॅस सिलिंडरची नोंदणी, महावितरणचे वीजबिल, बँकेचा ओटीपी, घरपट्टीची पावती आणि आजीच्या औषधांची ऑनलाइन मागणी हे सारे मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइल क्रमांकाला जोडलेले असते. ते माणूस परदेशी गेले की पहिल्याच आठवड्यात सिलिंडर संपते, ओटीपी सात समुद्रापलीकडे जातो, आणि आधीच हळव्या झालेल्या आईवडिलांना आपण किती परावलंबी झालो आहोत हे सर्वांत वाईट वेळी जाणवते. म्हणून प्रत्येक खात्याचा क्रमांक आधी बदलून घ्यावा आणि बदल झाल्यावर आईने किंवा वडिलांनी स्वतः एकदा तो व्यवहार करून पाहावा. मुलगा शेजारी बसलेला असावा, पण मोबाइल वडिलांच्याच हातात हवा. बँकेत वारसाचे नामनिर्देशन झाले आहे का, परदेशी जाणाऱ्याच्या वतीने येथे कुणाला सही करावी लागणार असेल तर मुखत्यारपत्र तयार आहे का, हेही पाहावे. डॉक्टर, शेजारी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद फ्रिजवर चिकटवावा. या कामांच्या निमित्ताने दोन पिढ्या तासन्‌तास शेजारी बसतात. माझ्या मुलाचे आणि त्याच्या वडिलांचे गेल्या कित्येक वर्षांतले सर्वांत मोकळे बोलणे बँकेच्या रांगेत उभे असताना झाले.

दुसरे पाऊल : भेटीगाठींना लगाम घालावा

आपल्याकडे कुणी बाहेरगावी चालले की जेवणाची आमंत्रणे सुरू होतात. महालातली मावशी, प्रतापनगरातले काका, इतवारीतली आत्या, ऑफिसातली मंडळी, सगळ्यांचा आग्रह असतो आणि त्यामागे मायाच असते. पण त्यातून जाणारे माणूस थकते आणि ज्या घरातून ते जाणार असते त्या घरालाच शेवटच्या आठवड्यात त्याचा सहवास मिळत नाही. मी आता असे सुचवते की लांबच्या नातेवाइकांच्या भेटी जाण्यापूर्वी दहा दिवस आधीच संपवाव्यात, जमेल तिथे दोन-तीन कुटुंबांनी एकत्र यावे आणि शेवटचे दोन दिवस कुणाचेही आमंत्रण स्वीकारू नये. "त्या दिवशी आम्ही घरीच आहोत, तुम्ही शनिवारी या" असे सांगण्याने कुणी दुखावत नाही.

वयस्कर माणसांची भेट मात्र निराळी. आजी-आजोबांकडे धावतपळत पाया पडून येऊ नये. एक अख्खी दुपार त्यांच्यासाठी राखावी. त्यांच्या हातचे काहीतरी खावे, त्यांना जुन्या गोष्टी सांगू द्याव्यात, आणि त्यांची परवानगी घेऊन तो आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावा. ऐंशी वर्षांच्या आजीला दोन-तीन वर्षांनी भेटू असे म्हणताना दोघांच्याही मनात एकच शंका असते. ती बोलून दाखवण्याची गरज नाही, पण ती आहे असे धरूनच त्या दुपारी वागावे.

तिसरे पाऊल : मनातले घरीच बोलावे

मराठी घरांत माया शब्दांत सांगण्याची रीत फारशी नाही. "जेवलास का?", "स्वेटर घेतलास का?", "पोचल्यावर कळव" या वाक्यांतून ती व्यक्त होते, आणि ऐकणाऱ्यालाही ती कळते. तरीही दूर जाणाऱ्या माणसाला काही गोष्टी स्पष्ट ऐकायला मिळाल्या तर त्या त्याला परक्या गावात पुरतात. शेवटच्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी फुटाळ्याच्या काठावर किंवा घराच्या गच्चीवर दोघांनीच बसावे. तीन गोष्टी बोलाव्यात. आपण त्याच्यात काय पाहिले आणि काय आवडले, हे नेमके प्रसंग आठवून सांगावे. "तू गुणी आहेस" असे मोघम सांगण्यापेक्षा "बाबांच्या आजारपणात तू रात्रभर जागलीस ते मी विसरलेले नाही" हे वाक्य जास्त टिकते. दुसरी गोष्ट, आपल्याकडून काही चुकले असेल तर ते मान्य करावे. तिसरी गोष्ट म्हणजे आपण येथे नीट राहू असा दिलासा द्यावा, कारण जाणाऱ्या माणसाच्या छातीवरचे सर्वांत मोठे ओझे मागे राहणाऱ्यांच्या काळजीचे असते.

समोरासमोर बोलणे ज्यांना जमत नाही त्यांनी पत्र लिहावे. हाताने, साध्या कागदावर लिहिलेले एक पान पुरते. ते बॅगेतल्या कपड्यांच्या घडीत ठेवून द्यावे. माझ्या भावाला आमच्या वडिलांनी असे पत्र दिले होते. आयुष्यात मुलांजवळ बसून चार वाक्ये न बोललेल्या त्या माणसाने दोन पाने लिहिली होती आणि भावाने ती आजवर जपली आहेत.

याच आठवड्यात घरात भांडणे होतात, आणि ती का होतात हे आधी माहीत असले तर त्यांचा घाव खोल जात नाही. वियोगाची भीती पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने बाहेर येते. चार्जर सापडत नाही, इस्त्री झाली नाही, फाइल कुठे ठेवली, अशा क्षुल्लक कारणांवर आवाज चढतात. रागावून वेगळे होणे हे रडून वेगळे होण्यापेक्षा मनाला सोपे वाटते, म्हणून मन नकळत तो मार्ग धरते. आवाज चढला की "आपल्या दोघांनाही ही जाण्याची धास्ती वाटते आहे" एवढे एकाने म्हणावे. आमच्या घरी मुलाच्या वेळी हे वाक्य तीनदा म्हणावे लागले आणि तीनही वेळा वाद तिथेच थांबला.

चौथे पाऊल : शिदोरी

बरोबर काय द्यायचे याविषयी सगळ्या घरांना सांगण्याची गरज नाही, तरी दोन-तीन गोष्टी अनुभवाच्या आहेत. पुण्या-मुंबईला जाणाऱ्याला जवसाची चटणी, भिवापुरी मिरचीचे तिखट, मुगवड्या, कुरडया, चिवडा असे महिनोन्‌महिने टिकणारे द्यावे आणि ओले पदार्थ फक्त प्रवासापुरते ठेवावेत. परदेशी जाणाऱ्याच्या बाबतीत नियम आधी पाहावेत. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ वैयक्तिक सामानातून नेण्यास मनाई आहे, म्हणून तूप आणि खवा घरीच ठेवावा. ऑस्ट्रेलियात उतरणाऱ्याला बरोबरच्या खाद्यपदार्थांची माहिती विमानतळावर लेखी द्यावी लागते. अख्खे सुके खोबरे तेलामुळे ज्वालाग्राही मानले जाते, त्यामुळे ते विमानाच्या सामानात चालत नाही, आणि लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत ठेवली तर सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाण्याची शक्यता असते. आईने चार दिवस खपून केलेला पदार्थ तपासणीच्या टेबलावर राहिला तर त्याचे दुःख दोघींनाही फार दिवस पुरते. बॅगेचे वजन घरीच, आदल्या दिवशी, वजनकाट्यावर करून घ्यावे. माझ्या त्या वाक्याचे मूळ तिथेच होते.

पाचवे पाऊल : निघण्याचा दिवस

आदल्या रात्री सामान बांधून दाराजवळ ठेवावे. निघण्याच्या दिवशी कुठलेही काम शिल्लक असू नये. देवापुढे दिवा लावणे, मोठ्यांच्या पाया पडणे, हातावर दही घेणे या गोष्टी ज्यांच्या घरी आहेत त्यांनी त्या सावकाश कराव्यात. या रीतींचा एक फायदा असा की शब्द सुचत नाहीत अशा वेळी हातांना काय करायचे ते ठाऊक असते. विदर्भात महालक्ष्म्या तीन दिवसांसाठी येतात, आणि तिसऱ्या दिवशी अक्षता वाहून मुखवटे किंचित हलवले की त्यांचा निरोप झाला असे मानतात. लहानपणापासून घरात पाहिलेल्या त्या छोट्या हालचालीत एक शहाणपण आहे. निरोपाचा क्षण नेमका असावा आणि लहान असावा. घरचा निरोप घरच्या उंबऱ्यावरच पूर्ण करावा. आपल्याकडे "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात. तो शब्द उच्चारला गेला की निरोप झाला असे सर्वांनी मनाशी ठरवावे.

सोडायला किती जणांनी जावे, याविषयी माझे मत ठाम आहे. दोघांनी जावे. स्टेशनवर दहा माणसे गेली तर जाणाऱ्याला प्रत्येकाकडे बघावे लागते आणि ज्याच्याकडे बघायचे असते त्याच्याकडे बघायचे राहून जाते. फलाट तिकीट 10 रुपयांना मिळते आणि ते 2 तास चालते, पण सणांच्या गर्दीत त्याची विक्री कधीकधी थांबवली जाते, हे लक्षात ठेवून बाहेरच निरोप घ्यावा लागेल अशी मनाची तयारी असावी. नागपूर स्टेशन मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई या दोन्ही मार्गांवर असल्यामुळे येथून जाणाऱ्या कित्येक गाड्या लांबून येतात आणि थोडाच वेळ थांबतात. येथूनच सुटणारी गाडी असेल तर निवांतपणा मिळतो. 10 ऑगस्ट 2025 रोजी सुरू झालेल्या अजनी–पुणे वंदे भारतसारख्या गाडीत दारे आपोआप बंद होतात आणि खिडक्या उघडत नाहीत. धावत्या गाडीबरोबर चार पावले हात धरून चालण्याची जुनी सवय तिथे चालत नाही, आणि सामान ठेवायला डब्यात चढलेला माणूस आत अडकू शकतो. सामान प्रवाशाने किंवा हमालाने चढवावे आणि सोडायला आलेल्यांनी फलाटावरच राहावे. काचेआडून ओठ हलताना दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत. त्यासाठीच सारे आधी बोलून झालेले असावे.

विमानतळावर तर वेळ याहूनही थोडा असतो. सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर काय किंवा मुंबईला काय, प्रवासी नसलेल्याला सहसा टर्मिनलच्या दारातून आत सोडत नाहीत. परदेशी जाणाऱ्या मुलाला सोडायला मुंबईपर्यंत जावे का, हा प्रश्न नागपूरच्या आईवडिलांना हमखास पडतो. आम्ही गेलो होतो, आणि आज विचाराल तर जाऊ नका असेच सांगेन. तिथेही दारातच थांबावे लागते, आणि त्यानंतर सुमारे 840 किलोमीटरचा परतीचा प्रवास रिकाम्या हातांनी, एका बाकावर बसून रात्रभर करावा लागतो. नागपूरलाच निरोप घेतला तर तासाभरात आपण आपल्या घरात असतो.

सहावे पाऊल : घरी परतल्यावर

परतल्यानंतरचे पहिले तीन-चार तास सर्वांत कठीण असतात, म्हणून ते आधीच ठरवून ठेवावेत. बहिणीला किंवा शेजारणीला त्या वेळी घरी यायला सांगावे. स्वयंपाक आधी करून ठेवावा, कारण त्या दिवशी कणीक मळताना हात सवयीने चार पोळ्यांची जास्त घेतो आणि मग परातीकडे बघत उभे राहावे लागते. ज्या खोलीतून माणूस गेले तिचे दार लावून घेऊ नये आणि ती खोली लगेच आवरूही नये. आठवडाभर ती तशीच राहू द्यावी, नंतर पलंगपोस बदलावा, पुस्तके पुसावीत आणि खोली वापरायला काढावी.

पुढचे पंधरा दिवस एका गोष्टीवर विशेष लक्ष द्यावे. दिवसभर काम करताना माणूस फारसे आठवत नाही. ते आठवते त्याच्या ठरलेल्या वेळेला. संध्याकाळी सहाला स्कूटरचा आवाज यायचा, रात्री साडेदहाला दूध मागितले जायचे, रविवारी सकाळी तर्री-पोहे आणायला तीच जायची. ती वेळ आली की घरातले माणूस नकळत दाराकडे बघते. ती वेळ ओळखून तिथे दुसरे काहीतरी ठेवावे. सहाची वेळ कठीण जात असेल तर त्या वेळी अंबाझरीला फिरायला जावे, आणि एकटे न जाता कुणाबरोबर जावे. माझ्या यजमानांनी रविवारचे पोहे स्वतः आणायला सुरुवात केली. पहिल्या दोन रविवारी त्यांचे डोळे भरून आले, तिसऱ्या रविवारी ते पोहेवाल्याच्या मुलाची परीक्षा कशी झाली ते सांगत घरी आले.

माणूस जिवंत आहे, सुखात आहे, रोज फोनवर दिसते आहे, मग रडू का येते, असे विचारून स्वतःला अपराधी ठरवू नये. अमेरिकेतील संशोधक पॉलिन बॉस यांनी 1970 च्या दशकापासून अशा दुःखाचा अभ्यास केला आहे. माणूस गेलेले नसते, पण घरात नसते, आणि त्यामुळे शोक करावा की करू नये हेच मनाला उमगत नाही. त्याला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ संदिग्ध वियोग असा होतो. नाव कळले म्हणून दुःख जात नाही, पण आपल्याला काही भलतेच होत नाही आहे एवढा धीर त्यातून मिळतो.

फोन किती करावा

पोचल्याचा फोन झाला की पुढची लय दोघांनी मिळून ठरवावी. दिवसातून पाच वेळा व्हिडिओ कॉल करणाऱ्या आईमुळे नव्या गावात मूल रुजत नाही, आणि मूल रुजले नाही तर आईचा जीवही थाऱ्यावर येत नाही. आमच्याकडे रोज सकाळी एक छोटा निरोप आणि रविवारी लांब फोन असे ठरले. परदेशाच्या बाबतीत घड्याळ समजून घ्यावे. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, कारण तिथे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे बदलतात. ठरलेल्या वेळेला फोन आला नाही म्हणून घाबरणाऱ्या आजोबांना हे एकदा समजावून सांगावे. फोनवर बोलायला विषय नसतात अशी तक्रार अनेक जण करतात. अशा वेळी "कसा आहेस?" असे विचारण्यापेक्षा येथल्या बारीकसारीक गोष्टी सांगाव्यात. अंगणातल्या लिंबाला फुलोरा आला, शेजारच्या घराला रंग दिला, यंदा तान्ह्या पोळ्याला कुणाचा नंदीबैल सजला, हे ऐकताना दूरचे माणूस घरात बसल्यासारखे होते.

मित्रांचा निरोप

मित्र गाव सोडतो तेव्हा ना दही हातावर ठेवतात, ना पाया पडतात. रीतच नसल्यामुळे हा निरोप बहुधा घाईत, पार्टीच्या गोंगाटात होतो आणि मग वर्षानुवर्षे चुटपुट लावतो. मोठी पार्टी जरूर करावी, पण जवळच्या मित्राला त्याशिवाय एक तास एकट्याला द्यावा. सीताबर्डीला ज्या टपरीवर कॉलेजात चहा घेतला तिथेच जावे. घेतलेली पुस्तके आणि उसने पैसे परत करावेत, कारण अशा लहान बाकीमुळे पुढे संकोच वाढतो आणि फोन कमी होतात. उठण्यापूर्वी पुढच्या भेटीची तारीख ठरवावी. "भेटू कधीतरी" असे म्हटलेली भेट होत नाही, "दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी" असे ठरलेली बहुतेक वेळा होते.

घरात लहान मूल असेल तर

आई किंवा वडील बदलीमुळे वेगळ्या गावी जाणार असतील, तर मूल झोपलेले असताना गुपचूप निघून जाऊ नये. त्या वेळी रडे टळते, पण नंतर मूल रोज रात्री झोपायला घाबरते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी दाखवून दिले की जवळचे माणूस दूर जाताना मुलाने रडणे, चिकटून बसणे हा त्याच्या मायेचा निरोगी भाग असतो. साध्या शब्दांत सांगावे, परत येण्याची तारीख दिनदर्शिकेवर रंगवावी आणि रोज रात्री एक चौकोन मुलाला खोडू द्यावा. सांगितलेल्या दिवशी परत यावेच.

आजारी माणसाला सोडून जाताना

दूर राहणाऱ्यांच्या वाट्याला येणारा हा सर्वांत अवघड निरोप आहे. सुटी संपलेली असते, अंथरुणावर आई असते आणि पुन्हा भेट होईल की नाही हे डॉक्टरही सांगत नाहीत. अशा वेळी "काही होत नाही तुला" असे म्हणून विषय टाळू नये. तिच्या उशाशी बसून हात हातात घ्यावा आणि तू माझ्यासाठी जे केलेस त्याची मला जाणीव आहे, माझे काही चुकले असेल तर माफ कर, माझ्या मनात तुझ्याविषयी काही राग नाही, तू मला फार हवी आहेस, हे ज्या शब्दांत जमेल त्या शब्दांत सांगावे. ती बोलू शकत नसली तरी सांगावे. माझ्या आईच्या वेळी मी हे बोलले होते. त्यानंतर अकरा दिवसांनी ती गेली, तेव्हा मी सातशे किलोमीटर दूर होते.

मदत कधी घ्यावी

सुरुवातीचे दिवस रडू येणे, भूक मंदावणे, झोप तुटणे हे स्वाभाविक आहे आणि हळूहळू ते ओसरते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि जेवण विस्कटलेलेच राहिले असेल, तर फॅमिली डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे, आणि मराठीतही बोलता येते. जगण्यात अर्थ नाही असे विचार मनात येत असतील तर दोन आठवडे वाट पाहू नये, त्याच दिवशी फोन करावा आणि घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून घ्यावे. दूर गेलेल्या मुलांनीही हे लक्षात ठेवावे, कारण वसतिगृहाच्या खोलीत एकट्याने काढलेल्या संध्याकाळी आईवडिलांना फोनवर दिसत नाहीत.

पहिल्यांदा परत येतील तेव्हा

पहिली सुटी साधारण दीड-दोन महिन्यांनी किंवा एखाद्या सणाला जोडून घ्यावी. त्याआधी, मन लागत नाही म्हणून दर आठवड्याच्या शेवटी पुण्याची रात्रीची बस धरू नये. माणूस परत येते तेव्हा थोडे बदललेले असते, चहा कमी साखरेचा घेते, उशिरा झोपते, आणि घरही त्याच्याशिवाय थोडे बदललेले असते. पहिल्या दिवशी दोघांनाही किंचित परके वाटेल, ते दुसऱ्या दिवशी जाते. त्याच्याकडची घराची किल्ली मात्र परत मागू नये. माझी मुलगी जर्मनीहून पहिल्यांदा आली तेव्हा रात्री दीडला तिने स्वतःच कुलूप उघडले, स्वयंपाकघरात जाऊन झाकून ठेवलेला वडा-भात काढला, आणि आम्ही जागे झालो तेव्हा ती ओट्याजवळ उभी राहून जेवत होती.